हजेरीला ५ गुण ठेवू की नको? (एस.वाय.बी.ए., अर्थशास्त्र)

खडू_डस्टर

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) अर्थशास्त्र शिकवते. सहावं वर्ष. म्हणजे दर वर्षी नव्याने मुलाखत द्यायची आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायचं. पगाराचं इथे काढत नाही, त्याला वेगळा धागा लागेल.

माझा पेपर ४ क्रेडिटचा, ६० तासिका. विद्यापीठाची परीक्षा ७० ची, अंतर्गत ३०. दोन्हीकडे स्वतंत्र पास व्हावं लागतं, म्हणजे ३० पैकी १२ हवेतच. विभागाने या तिसाची फोड अशी केलीय: चाचणी १५, ट्यूटोरियल १०, हजेरी ५. हजेरी ७५ टक्के किंवा वर असेल तर पाचही, ६५ च्या पुढे ३, त्याखाली भोपळा. पुढच्या वर्षीची फोड ठरवायची आहे आणि एचओडी (विभागप्रमुख) सरांनी "मॅडम, तुमच्या पेपरचं तुम्हीच बघा" म्हणून ते माझ्या गळ्यात घातलंय.

आता दोन विद्यार्थी सांगते. एक मुलगी, ६० पैकी ३१ तासिकांना हजर. डिसेंबर-जानेवारीत कांदे लावायला टोळीबरोबर जाते, मग द्राक्षाची खुडणी, मग कांदा काढणी. आपलं दुसरं सत्र आणि शेतीचा हंगाम एकाच वेळी येतात, त्याला ती काय करणार? चाचणीत १३, ट्यूटोरियल ९. एकूण २२.

दुसरा मुलगा. ५४ तासिका हजर, ९० टक्के. शेवटच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून इतका गाढ झोपतो की एकदा तास संपून पुढचे सर आले तरी उठला नाही. चाचणीत ४, ट्यूटोरियल ५ (तेही शेजारणीच्या वहीतून, तिच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट). झाले ९. त्यात हजेरीचे ५ मिळवा, १४. पास.

म्हणजे माझ्या पेपरात झोपून पास होता येतं. आणि कॉलेजच्या जिन्यात कर्मवीरांचा फोटो आहे, खाली मोठ्या अक्षरात "कमवा आणि शिका". त्याच्याच शेजारच्या फळ्यावर परवा डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी भरलेल्यांची) लागली. कमावून शिकणाऱ्या झाडून सगळ्या मुली त्या यादीत.

तर हे ५ गुण काढून टाकू का? काढले तर वर्गात कोण येईल? पटावर ६२ आहेत, आत्ताच २५ येतात. तुमच्याकडे काय करतात ते सांगा.

लोकल_८:१२

मॅडम, मी मुंबई विद्यापीठाच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आहे. आमच्याकडे प्रश्नच ठेवला नव्हता, सिलॅबसमध्येच छापलेलं: टर्मवर्क २५, त्यात प्रयोग १५, असाइनमेंट ५, हजेरी ५. प्रत्यक्षात काय, सगळ्यांना २२ ते २४. कसाऱ्याहून येणाऱ्यालाही आणि हॉस्टेलवर राहून न येणाऱ्यालाही. हजेरीचे गुण एकदा का सगळ्यांना वाटले की ते गुण उरत नाहीत, तो प्रसाद होतो.

पण एक सांगतो, काढून टाकले की वर्ग रिकामा होतो हे खरं आहे. मी एक वर्ष हजेरीकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. दिवाळीनंतर समोर ११ डोकी. फळ्याशी बोलायची सवय लागते मग.

मस्टरबाबू

मी शिकवत नाही, ऑफिसात आहे, २३ वर्षं झाली. शिक्षक मंडळींना एवढंच सांगणं: गुण काय द्यायचे ते द्या, पण मस्टर खोटं करू नका. दया आली म्हणून ३१ चे ४६ करणारे मॅडम-सर मी पाहिलेत. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीलाही ७५ टक्के हजेरी लागते. उद्या कोणी तक्रार केली आणि त्याच दिवशी मुलीचं नाव दुसऱ्या मस्टरवर गैरहजर निघालं, तर निस्तरायला मुलगीच उभी राहते. तुम्ही तोवर दुसऱ्या कॉलेजात.

त्यापेक्षा सरळ वाट धरा. एनएसएस, एनसीसी, खेळ यांचे दिवस धरले गेलेत का बघा, आजारपणाचे दाखले आलेत का बघा. निम्म्या पोरांना हे माहीतच नसतं. उरलेल्यांचा अर्ज, पालकांची सही, प्राचार्यांची सही. टर्म ग्रँट करायची, म्हणजे परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हा त्यांचा अधिकार आहे, तुमचा नाही. डोक्यावर घेऊ नका.

बाय द वे, तुमचा तास कितीला असतो?

खडू_डस्टर

@मस्टरबाबू, ७:३० ला, पहिलाच. आणि हो, हजेरी मी सुरुवातीला घेते. तुम्ही का विचारलंत ते लिहिता लिहिताच लक्षात आलं. एसटी ७:५० ला येते.

मस्टरबाबू

तेच. शेवटी घ्या. फुकटात दहा पोरं वाढतील.

खुडणीवाला

मॅडम, मी तुमच्या त्या मुलीच्या जागी होतो. पिंपळगावकडे, १२ वर्षांपूर्वी. बी.कॉम. सकाळी खुडणी, दुपारी पॅकहाउसला क्रेट उचलायचे.

इथे कोणी बोललं नाही ते सांगतो. ६० पैकी ४५ पाहिजेत, म्हणजे १५ खाडे माफ. मी पाकिटाच्या आत पेनने रेघा मारायचो. सोळावी रेघ मारली त्या दिवशी डोक्यात हिशेब झाला की आता ५ गुण गेले, लिस्टमध्ये नाव लागणारच, मग उद्या तरी कशाला जायचं? त्याच्या आधी मी आठवड्यातून तीन दिवस जात होतो. त्यानंतर थेट परीक्षेलाच गेलो. हमीपत्र लिहून दिलं, हॉल तिकीट मिळालं. सगळ्यांनाच मिळालं. सोळाव्या खाड्यानंतर पोराला वर्गात यायला काही कारणच उरत नाही, एवढंच तुमच्या त्या नियमाचं बघा.

आणि एक. आमच्या एका सरांनी सगळ्यांसमोर "हे बघा, आले पाहुणे" म्हटलं होतं. बाकी सेमिस्टरचं काही आठवत नाही, ते आठवतं.

दूरदेशी

अमेरिकेत पीएच.डी. करताना दोन वर्षं टीए (प्रोफेसरांची शिकवण्यातली मदतनीस) होते. तिथे ७५ टक्क्यांसारखा सरसकट नियम मला भेटला नाही, ज्याचा कोर्स तो ठरवतो. पण ठरवलेलं पहिल्या दिवशी छापून हातात देतो आणि मग स्वतःही त्याला बांधील राहतो. माझ्या प्रोफेसरांनी हजेरीला गुण ठेवलेच नव्हते. दर तासाला एक छोटा प्रश्न, लेखी, दोन मिनिटांत. सत्राच्या शेवटी प्रत्येकाचे सगळ्यात वाईट काही पेपर आपोआप गळायचे. त्यामुळे "सर, आजी वारली" ऐकावं लागायचं नाही. तिथेही आज्या परीक्षेच्या आठवड्यातच वारतात, ते सगळीकडे सारखंच.

६२ मुलांचे कागद रोज तपासणं सीएचबीच्या पैशात अवघड आहे, ते कळतं.

लोकल_८:१२

तपासायचे कशाला रोज? गठ्ठ्यातले पाच उचलायचे. कोणाचे उचलणार हे त्यांना माहीत नसलं की झालं.

खडू_डस्टर

सगळ्यांचे आभार. खुडणीवाला दादा, तुमची पाकिटातली रेघ काल रात्री डोक्यातून गेली नाही. मस्टर काढून बसले आणि खाडे मोजले. सोळा ओलांडल्यावर माझ्या वर्गातली ९ मुलं पुन्हा दिसलीच नाहीत. मी त्यांना आळशी समजत होते.

ठरवलंय ते असं. हजेरीचे ५ काढते, पण ते चाचणीत घालत नाही. तास संपताना एक चिठ्ठी, दोन ओळींची. आज लासलगावला कांद्याचा भाव पडला तर मागणीचा वक्र सरकला की त्याच वक्रावर खाली आलो, असलं काहीतरी. सत्रात अशा २५ तरी होतील, त्यातल्या सगळ्यात चांगल्या १० धरायच्या, प्रत्येकी अर्धा गुण. ३१ तासिका येणारीलाही पाच मिळू शकतात आणि सोळाव्या खाड्यानंतरही यायला कारण उरतं. झोपणाऱ्याला उठून लिहावं लागेल. शेजारणीचं बघून लिहील, माहीत आहे, पण निदान जागा असेल. हजेरी आता शेवटी, चिठ्ठी गोळा करतानाच.

एचओडी सरांना सांगितलं. म्हणाले, "चिठ्ठ्यांचा कागद कॉलेज देणार नाही." मी म्हटलं, जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं फाडून वापरते. त्यावर ते काही बोलले नाहीत, म्हणजे होकार.

यंदाच्या मुलांना याचा उपयोग नाही, यादी सोमवारी द्यायची आहे. मस्टरवर तिचे ३१ ते ३१च ठेवलेत. अर्ज मी तिला समोर बसवून लिहून घेतला. गैरहजेरीचं कारण या रकान्यात ती "घरगुती अडचण" लिहीत होती, सगळ्या तेच लिहितात. तिला म्हटलं, खोडून "शेतमजुरी" लिही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

मस्टरबाबू

पालकांची सही राहिली असेल तर शनिवारी १२ च्या आत आणायला सांगा. नंतर क्लार्क भेटत नाही.