मदत हवी आहे: लिनक्समध्ये डिस्कवर नक्की कोण लिहितंय?

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या वाचनालयाचा लिनक्स सर्व्हर संध्याकाळच्या गर्दीत मध्येच गोठतो. ज्येष्ठ सभासद रांगेत ताटकळतात, ते बघवत नाही.

मेमइन्फोमध्ये (मेमरीचा हिशेब दाखवणारी फाइल) ‘डर्टी’चा, म्हणजे डिस्कवर उतरवायचा राहिलेल्या डेटाचा, आकडा चढत जातो, मग ‘राइटबॅक’, म्हणजे त्या क्षणी उतरत असलेला डेटा, उसळतो आणि सगळं थांबतं. डर्टी रेशो, म्हणजे असा डेटा मेमरीच्या किती टक्के साठू द्यायचा ती मर्यादा, मूळचाच, २०; मागच्या मागे लिहिणं सुरू करणाऱ्या बॅकग्राउंडचा १०. रॅम ३२ जीबी आणि डिस्क जुनी, फिरती. एवढा साठा एकदम उतरवताना ती दमणारच. डर्टी बाइट्सने (टक्क्यांऐवजी बाइट्समधली सेटिंग) ही मर्यादा काहीशे एमबीवर आणायचा विचार आहे, पण आधी लिहिणारी प्रोसेस सापडायला हवी. गोठण्याच्या क्षणी आयोटॉपमध्ये (कोण किती डिस्क वापरतंय ते दाखवणारं साधन) कर्नलचा फ्लशर थ्रेडच वर दिसतो; तो इतरांचा साठलेला डेटा उतरवतो, त्यामुळे मूळ लिहिणारा कळत नाही.

प्रॉकमधली (कर्नलची माहिती देणारी फाइल सिस्टीम) प्रत्येक प्रोसेसची ‘राइट बाइट्स’ नोंद ठरावीक अंतराने साठवावी, की बीपीएफट्रेस (कर्नलमधल्या घडामोडी टिपणारं साधन) लावावा? चालू सर्व्हरवर बीपीएफट्रेसचा भार कितपत पडतो? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.