नर्सिंगच्या पहिल्या सत्रात काय आधी शिकवावं: औषधांच्या याद्या, गणित की संकल्पना?

फार्माकॉलॉजीची शिक्षिका:
माझं मत ठाम आहे. पहिल्या सत्रात औषधांची नावं घोकून घेणं बंद करा. औषध शोषलं कसं जातं, पसरतं कुठे, त्याचं रूपांतर कुठे होतं आणि ते बाहेर कसं पडतं, एवढं आधी पक्कं करा. नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली का ठेवायची? गिळली तर औषध आतड्यातून आधी यकृतात जातं आणि त्याचा बहुतेक भाग तिथेच निकामी होतो. हा 'फर्स्ट पास' ज्या मुलीला कळला, ती छातीत दुखणाऱ्या रुग्णाला "पाण्याबरोबर घ्या" असं कधीच सांगणार नाही.

वॉर्ड इन्चार्ज:
असहमत. वॉर्डात चुका होतात त्या दशांश चिन्हाच्या आणि एककांच्या. 1 मिलिग्राम म्हणजे 1000 मायक्रोग्राम, इथे गल्लत झाली तर डोस हजारपट होतो. ऑर्डर 0.125 मिलिग्रामची, हातात गोळी 0.25 ची, तर किती द्यायची? एवढं विचारलं तरी मुली गप्प होतात. योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे अंगवळणी पडू द्या. यकृताचं नंतर बघू.

फार्माकॉलॉजीची शिक्षिका:
सिस्टर, गणित हवंच. पण तुमचंच उदाहरण घेऊ, गोळी डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयाच्या औषधाची आहे. पाचही गोष्टी बरोबर आहेत. रुग्णाला दोन दिवस मळमळ आहे, जेवण जात नाही आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू आहे. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरतं आणि पोटॅशियम कमी असलं की नेहमीच्या मात्रेतही डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते. मूत्रपिंड नीट चालत असतानासुद्धा डिगॉक्सिनची हाफ-लाइफ, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, दीड-दोन दिवसांची असते, म्हणजे चढलेलं औषध लवकर उतरत नाही. ती मळमळ जेवणामुळे नसेल, विषबाधेची असेल, ही शंका कुठल्या गणितातून येणार?

वॉर्ड इन्चार्ज:
त्यासाठी नियम आहे. डिगॉक्सिन देण्याआधी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे, प्रौढ रुग्णात 60 च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पहाटे तीन वाजता थकलेल्या डोक्याला नियम आठवतो, कारणं आठवत नाहीत.

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी:
सिस्टर, ज्याचा नियम कुणी सांगितलाच नाही तिथे काय करायचं? मॉर्फिन जास्त झालं म्हणून त्याचा उतारा, नॅलोक्सोन, दिलं. रुग्ण जागा झाला, श्वास सुधारला, सगळे निर्धास्त झाले. पण नॅलोक्सोनचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि मॉर्फिनचा काही तास टिकतो. श्वास पुन्हा मंदावू शकतो. मला हाफ-लाइफ कळली म्हणून मी त्या रुग्णाजवळून हलणार नाही.

रात्रपाळीचा ब्रदर:
याद्यांना इतकं नाकारू नका, मॅडम. फक्त त्या गटाने शिकवा. औषधाच्या नावाच्या शेवटी 'ओलोल' दिसलं की नाडी आणि रक्तदाब बघा, 'प्रिल' दिसलं की कोरडा खोकला आणि वाढलेलं पोटॅशियम लक्षात ठेवा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित विषय वेगळाच आहे: दुष्परिणाम आणि अ‍ॅलर्जी यांतला फरक. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून घाईने सोडलं की चेहरा आणि मान लाल होते, खाज सुटते. पुष्कळदा ती खरी अ‍ॅलर्जी नसते, थेंबांच्या वेगामुळे तसं होतं. म्हणूनच 1 ग्रॅम किमान तासाभरात सोडतात. तपास न करता चार्टवर 'अ‍ॅलर्जी' लिहिलं की पुढे गरज पडेल तेव्हा त्या रुग्णाला हे औषध कुणी देत नाही.

वॉर्ड इन्चार्ज:
नॅलोक्सोनचं पटलं, ते पहिल्या सत्रात घ्या. औषध कसं चढतं-उतरतं याचे आलेख शिकवायला मात्र माझा विरोध कायम आहे. सस्टेन्ड रिलीज, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटून पोटात घातलेल्या नळीतून दिली तर 12 तासांत सुटायचं औषध एकदम सुटतं, हे सांगायला फळ्यावर आलेख लागत नाही. मॅडम, तुमच्या वेळापत्रकात डोसच्या गणिताला किती तास ठेवले आहेत, तेवढं सांगा.