हायेक यांचा आक्षेप नेमका कशाला आहे?

प्रश्न : बाजारातील वाटणी कोणी ठरवून केलेली नसते, म्हणून तिला न्याय्य किंवा अन्याय्य म्हणण्यात अर्थ नाही, असे सांगत अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९७६ साली सामाजिक न्यायाला मृगजळ ठरवले. मग उपाशी माणसाबाबत राज्यसंस्थेचे काहीच कर्तव्य उरत नाही का?

प्रतिसाद १ : तसे मुळीच नाही. अन्न, वस्त्र आणि निवारा यांची किमान हमी त्यांनी १९४४ मध्येच मान्य केली होती. सुताराला किती आणि शिक्षकाला किती हे सरकार ठरवू लागले, की कोणी कोणते काम करावे हेही त्यालाच ठरवावे लागते, ही त्यांची खरी भीती होती.

प्रतिसाद २ : बाजारातील वाटणीबाबत अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांचे १९७४ मधील उदाहरण पाहा. दहा लाख प्रेक्षकांनी बास्केटबॉलपटू चेंबरलेनला स्वखुशीने प्रत्येकी २५ सेंट दिले, तर त्याच्याकडे जमलेल्या अडीच लाख डॉलरवर कोणाची तक्रार असावी? युक्तिवाद देखणा आहे, परंतु ती रक्कम मुलांकडे गेल्यावर काय, हा प्रश्न मला अधिक छळतो. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर मर्यादा असावी असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्येच सुचवले होते, आणि तेही उदारमतवादीच.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मात्र किमान हमीसाठी कर लागणारच, आणि नॉझिक तर श्रमाच्या कमाईवरील कराला सक्तीच्या मजुरीच्या पंक्तीत बसवतात. तेव्हा हायेक आणि नॉझिक या दोघांना सरसकट एका गटात टाकणे मला आता पटत नाही.