मदत हवी आहे: धुऱ्यावरच्या जुन्या लिंबूवर्गीय झाडाचे आईबाप जीनोमवरून कसे ओळखावेत?

नमस्कार मंडळी,

वनस्पतींमधल्या संकराचा जीनोमवरून (म्हणजे संपूर्ण डीएनएवरून) माग काढण्याचं काम कुणी केलं असेल, विशेषतः लिंबूवर्गात, तर मार्गदर्शन हवं आहे.

वरुड तालुक्यात मामाची संत्र्याची बाग आहे. आमच्याकडे बहुतेक बागा असतात तशीच, जंबेरीच्या (खडबडीत सालीच्या लिंबाच्या) खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधलेली. जमीन भारी काळी, पावसाळ्यात पाणी साचतं आणि डिंक्या रोगाने झाडं जातात. पण त्याच बागेच्या धुऱ्यावर, जिथे पाणी सगळ्यात जास्त तुंबतं तिथे, लिंबूवर्गातलं एक जुनं झाड धडधाकट उभं आहे. कुणी लावलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. बुंध्यावर कलमाची गाठ दिसत नाही, म्हणजे ते बीपासूनच आलेलं असावं. फळ जंबेरीसारखंच खडबडीत, आत बिया भरपूर, कोवळी पालवी जांभळट. एवढ्यावर मी त्याला जंबेरीच म्हटलं असतं. पण पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी चांगले रुंद पंख आहेत, पपनसाला असतात तसे. खुंटांना खालून फुटलेल्या जंबेरीच्या फुटव्यांची पानं शेजारी ठेवून पाहिली. त्यांचा देठ जवळजवळ सरळच आहे.

म्हणून शंका येते की यात पपनसाचं रक्त असावं. हे झाड खुंट म्हणून वापरून पाहावं अशी मामाची फार इच्छा आहे, आणि मलाही तसंच वाटतं. पण ते नक्की काय आहे हे कळल्याशिवाय रोपं करून लोकांना देणं मला पटत नाही.

माझं वाचन थोडक्यात सांगते. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिंबूवर्गातल्या ६० नमुन्यांच्या जीनोमचा अभ्यास आला होता. आपण खातो ती बरीचशी फळं मूळच्या मोजक्या जातींच्या संकरातून आली आहेत. पपनस, महाळुंग आणि मँडरिन (आपलं नागपुरी संत्रं याच गटातलं) या त्यातल्या मुख्य. सावर ऑरेंज (आंबट संत्रं) हा पपनस आणि मँडरिनचा थेट संकर. सावर ऑरेंज आणि महाळुंगापासून लेमन. कागदी लिंबू म्हणजे फिलिपिन्सकडची मायक्रान्था ही जंगली जात आणि महाळुंग. आणि आपली जंबेरी मँडरिन आणि महाळुंगाची.

माझी अडचण पुढे आहे. लागवडीतल्या मँडरिनमध्येही पपनसाचे तुकडे मिसळलेले असतात. मग या झाडात पपनसाचा डीएनए सापडला, तर तो थेट पपनसाकडून आला की बागेतल्या संत्र्यामार्फत, हे कसं ठरवायचं? जनुकांची देवाणघेवाण तपासणारी एबीबीए-बीएबीए कसोटी पुरेल का? संपूर्ण जीनोम वाचून घ्यावा की निवडक तुकड्यांवर भागेल? माझं एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालंय, डीएनए काढता येतो, संगणकावरच्या विश्लेषणाचा मात्र अनुभव नाही.

प्रतिसाद:

प्रश्न छान मांडला आहे. एबीबीए-बीएबीए बाजूला ठेवा. दोन जातींमध्ये जनुकांची देवाणघेवाण झाली का, एवढंच ती कसोटी सांगते. एका झाडाचे आईबाप कोण, याचं उत्तर तिच्यात नाही.

तुम्हाला हवाय तो गुणसूत्रांवरचा नकाशा. शुद्ध पपनस, शुद्ध महाळुंग आणि शुद्ध मँडरिन यांचे जीनोम एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जनुकीय माहितीच्या साठ्यात मोफत मिळतात. त्यांच्यात ठळक फरक असलेल्या जागा निवडा आणि तुमच्या झाडाच्या गुणसूत्रांच्या नऊ जोड्यांवर, तुकड्या-तुकड्याने, दोन्ही प्रती कोणाच्या आहेत ते पाहा. झाड जंबेरी आणि पपनसाचा थेट संकर असेल, तर सगळीकडे एक प्रत पपनसाचीच दिसेल आणि दुसरी कधी मँडरिनची, कधी महाळुंगाची. जंबेरी आणि संत्र्याचा असेल, तर पपनस फक्त मधूनमधून, तुटक तुटक दिसेल. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जंबेरीच्याच स्वफलनातून आलं असेल, तर काही ठिकाणी दोन्ही प्रती महाळुंगाच्या मिळतील. आणि सगळीकडे एक प्रत महाळुंगाची, दुसरी आलटून पालटून पपनस-मँडरिनची निघाली, तर ते लेमनच्या घराण्यातलं समजा. ही शक्यता सोडू नका, कारण सावर ऑरेंजच्या देठालाही रुंद पंख असतात.

हरितलवकाचा डीएनए वेगळा पाहा. तो लिंबूवर्गात आईकडून येतो. जंबेरीत तो मँडरिनचा असतो, लेमनमध्ये सावर ऑरेंजमार्फत आलेला पपनसाचा. या सगळ्या संकरांत महाळुंग बापाच्या बाजूला आहे.

संपूर्ण जीनोमच वाचून घ्या. लिंबूवर्गाचा जीनोम लहान असतो, मोसंबीचा साधारण ३७ कोटी अक्षरांचा. ३० पट वाचन (प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचणं) म्हणजे सुमारे ११ अब्ज अक्षरं. एवढा डेटा साध्या सर्व्हरवरही हाताळता येतो.

पानं कोवळी घ्या, जून पानांत चिकटपणा आणि फिनॉल त्रास देतात. कोळशी चढलेली किंवा नागअळीने खाल्लेली टाळा, नाहीतर बुरशीचा आणि किडीचा डीएनएही वाचला जाईल. पुसून लगेच सिलिका जेलमध्ये वाळवा. आणि पानं जुन्या झाडाचीच हवीत, त्याच्या बीपासून केलेल्या रोपाची नकोत.

यासोबत एक बिनखर्चाची तपासणी आजच करा. बी सोलून आत किती गर्भ आहेत ते पाहा. जंबेरीत एका बीत अनेक गर्भ असतात, त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल. म्हणूनच तिचे खुंट एकसारखे येतात. पपनस आणि महाळुंगात एकच गर्भ असतो. तुमच्या झाडातही एकच निघाला, तर प्रत्येक रोप वेगळं येईल. मग बीपासून खुंट करण्यात अर्थ नाही, जातीचं नाव काहीही निघो.

धागाकर्ती:

मनापासून आभार. गर्भांचं मला सुचलंच नव्हतं, आणि मामाच्या दृष्टीने तीच बाब सगळ्यात महत्त्वाची आहे. आत्ताच दोन-तीन फळं कापली. प्रत्येक बीत एकाहून जास्त हिरवट गर्भ दिसताहेत, लहानमोठे, एकमेकांना चिकटलेले. मामाला फोटो पाठवले आहेत.

साठ्यातले नमुने वापरीनच, पण तुलनेला आपल्याकडची झाडंही हवीत. कोकणात किंवा गोव्यात कुणाच्या परसात जुनं, बीपासून आलेलं महाळुंग किंवा पपनस असेल, गणपतीत माटोळीला (मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) फळं काढता तसलं, तर कृपया इथे कळवा. चार कोवळी पानं पुरतील. सिलिका जेलची पाकिटं आणि टपालखर्च मी पाठवीन.