टोपोलॉजिकल इन्सुलेटर: संगणकाच्या भाकितावर किती विसंबावे?

रामबागकर
मी इंदूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आत वीज अडवणारे, पण पृष्ठभागावरून ती वाहू देणारे पदार्थ म्हणजे टोपोलॉजिकल इन्सुलेटर. प्रकल्पासाठी त्यांपैकी एक असलेल्या बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकरचनेत बिस्मथच्या जागी अँटिमनी घालून क्वांटम एस्प्रेसो या संगणकप्रणालीवर बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांचे पट्टे) काढले. स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांचा परस्परसंबंध) धरताच बिस्मथच्या संयुगात गॅमा बिंदूपाशी, म्हणजे शून्य संवेगापाशी, बँडची उलटापालट होते (भरलेल्या आणि रिकाम्या बँडचा क्रम बदलतो), अँटिमनीच्या संयुगात मात्र होत नाही. आता आणखी काही संयुगे तपासायची आहेत, पण दर वेळी पृष्ठभागासाठी जाड स्लॅबचे (अनेक थरांच्या चकतीचे) गणित करण्याइतकी संगणकीय ताकद विभागाकडे नाही. केवळ आतल्या घन भागाच्या बँडवरून पदार्थ टोपोलॉजिकल आहे की नाही, याचा निर्णय देता येतो का, आणि तो कितपत भरवशाचा मानावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घनमूळ
निर्णयासाठी स्लॅब लागत नाही. तुमच्या रचनेत व्युत्क्रम सममिती आहे (केंद्रातून उलटवली तरी रचना तशीच राहते), आणि अशा स्फटिकांसाठी भौतिकशास्त्रज्ञ फू आणि केन यांनी 2007 साली फार सोपी कसोटी दिली आहे: ब्रिल्वाँ झोनमधील (इलेक्ट्रॉनच्या संवेगांच्या अवकाशातील) आठ कालव्युत्क्रमी, म्हणजे काळ उलटवला तरी न बदलणाऱ्या, बिंदूंपाशी भरलेल्या बँडच्या पॅरिटी (उलटवल्यावर येणारे अधिक किंवा उणे चिन्ह) काढाव्यात, क्रेमर्स जोडीपैकी (समान ऊर्जेच्या दोन बँडपैकी) एकच बँड धरावा आणि सर्व चिन्हांचा गुणाकार करावा. तो उणे एक आला की पदार्थ ‘स्ट्राँग’ (सर्व पृष्ठभागांवर वाहक) टोपोलॉजिकल इन्सुलेटर ठरतो. बिस्मथ सेलेनाइडमध्ये गॅमापाशीचे चिन्ह उरलेल्या सात बिंदूंच्या विरुद्ध येते, एवढ्यावरच सारे ठरते. व्युत्क्रम सममिती नसेल तर व्हॅनिए केंद्रांचा (इलेक्ट्रॉनच्या सरासरी स्थानांचा) मागोवा घ्यावा लागतो. त्यासाठी झेड-टू-पॅक ही संगणकप्रणाली आहे.

सममितीवरून निर्णय देण्याची हीच वाट पुढे इतकी रुंदावली, की 2019 साली ‘नेचर’मध्ये एकाच वेळी आलेल्या तीन लेखांनी ज्ञात स्फटिकांची कोठारेच्या कोठारे चाळून काढली. त्यांपैकी एकात 26,938 पदार्थांतून 3,307 टोपोलॉजिकल इन्सुलेटर निघाले.

रात्रपाळी
कसोटी बिनचूक आहे, पण तिला पुरवलेले बँड चुकीचे असू शकतात, हे विसरू नये. पीबीई हे अशा गणितातले नेहमीचे फंक्शनल (अंदाजी सूत्र) गॅप, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या बँडमधले अंतर, कमी दाखवते, त्यामुळे लहान गॅपच्या साध्या अर्धवाहकातही ते खोटी उलटापालट दाखवू शकते. इंडियम आर्सेनाइडचा गॅप प्रत्यक्षात सुमारे 0.35 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना पीबीईत तो शून्यावर येतो आणि बँडचा क्रम उलटा दिसतो. ज्या संयुगाचा कौल उलटापालटीचा येईल, ते निदान एचएसई06 या अधिक अचूक फंक्शनलवर पुन्हा तपासावे. जीडब्ल्यू (त्याहून अचूक, पण महागडी पद्धत) परवडले तर उत्तमच.

दुसरे असे, की अँटिमनी सेलेनाइड सामान्य परिस्थितीत बिस्मथ सेलेनाइडच्या रचनेत स्फटिकत नाही, त्याची रचना ऑर्थोऱ्हाँबिक असते. तुम्ही तपासलेला पदार्थ म्हणजे कागदावरचा पदार्थ आहे. (प्रकल्पात हे वाक्य स्पष्ट लिहा, परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.) नवी संयुगे घेताना आधी ऊर्जेच्या दृष्टीने ती स्थिर आहेत का आणि फोनॉनमध्ये (अणूंच्या कंपनांत) अस्थिरतेची खूण असलेली ऋण वारंवारता येते का, ते पाहावे.

रामबागकर
मनःपूर्वक आभार. इतके सगळे जुळून आले तर पदार्थ प्रयोगातही इन्सुलेटर निघेल, असे धरावे का?

घनमूळ
तसे धरू नये. बिस्मथ सेलेनाइडचा गॅप 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे, तरी वाढवलेल्या स्फटिकात सेलेनियमच्या रिक्त जागा राहतात, त्या इलेक्ट्रॉन सोडतात आणि आतला भागही वीज वाहू लागतो. पृष्ठभागावरची अवस्था मात्र एआरपीईएसमध्ये (प्रकाशाने बाहेर फेकलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि दिशा मोजण्याच्या पद्धतीत) तरीही स्वच्छ दिसते. ती सोय आपल्या इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर आहे, पण तिथे जाण्यासाठी हातात चांगला एकस्फटिक हवा, जो निर्वातात पापुद्र्यासारखा सोलता येईल. म्हणून यादी करताना थरांच्या रचनेची संयुगे वर ठेवा.