मदत हवी आहे: मार्क १०:२४ मधले ‘संपत्तीवर भरवसा’ हे शब्द

सर्वांना सलाम. येत्या रविवारी मंडळीत येशूकडे आलेल्या श्रीमंत तरुणाच्या उताऱ्यावर (बायबल, मार्क १०:१७-२७) वचनाचा अभ्यास घ्यायचा आहे आणि मी २४व्या वचनावर अडले आहे. घरात दोन भाषांतरं आहेत. एकात देवाच्या राज्यात जाणं कठीण आहे ते संपत्तीवर भरवसा ठेवणाऱ्यांना. दुसऱ्यात नुसतंच ‘किती कठीण आहे!’ शोधल्यावर कळलं, की चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या बायबलच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत भरवशाचे ते शब्द नाहीत.

मला हा फरक छोटा वाटत नाही. ते शब्द असले की पैसेवाला म्हणतो, माझा भरवसा देवावरच आहे, आणि सुटतो. नसले तर कठीणपणा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. मग शिष्यांनी थक्क होऊन ‘तर मग कोणाचं तारण होणार?’ असं विचारणं किती खरं वाटतं!

पुढच्याच वचनात म्हटलंय, की श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं. त्यासाठी यरुशलेमेतल्या ‘सुईचं नाक’ नावाच्या दरवाजाची गोष्ट कृपया सुचवू नका, तिला प्राचीन पुरावा नाही. मूळ शब्द उंट नसून दोरखंड असावा, हेही वाचलंय. अर्धी मालमत्ता गरिबांना देणाऱ्या श्रीमंत जकातदार जक्कयाचं उदाहरण (लूक १९:८) अभ्यासात घेतलं आहेच.

अभ्यासाला शेतकरी, दुकानदार, कर्जात बुडालेले, सगळे एकाच सतरंजीवर बसतात. ग्रीक कुणालाच येत नाही, वेळ ४० मिनिटं. ‘मग खरं बायबल कोणतं?’ हा प्रश्न येणारच. कुणाचा विश्वास न डळमळता हा पाठभेद तुम्ही कसा समजावता? आणि वचन मोठ्यानं वाचताना कोणता पाठ घेऊ?