कंट्रोल रॅट्समध्येच कॉर्टिकोस्टेरॉन एवढं वर कसं?

नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालूये, विस्टार जातीच्या रॅट्सवर रिस्ट्रेंट स्ट्रेसचं (जनावराला हलता येणार नाही असं ठेवून ताण द्यायचा) काम. लाइट सकाळी ७ ला ऑन, संध्याकाळी ७ ला ऑफ. सगळे एका बैठकीत उरकत नाहीत म्हणून अर्ध्यांचं ब्लड सकाळी ९ ला काढलं, उरलेल्यांचं संध्याकाळी साडेसहाला, आणि आता एलायझाचे (रक्तातलं हार्मोन मोजायची टेस्ट) आकडे बघतेय तर ज्यांना हातही लावला नव्हता त्या कंट्रोलचं कॉर्टिकोस्टेरॉन (रॅटचं स्ट्रेस हार्मोन) संध्याकाळी सकाळच्या कितीतरी पट! किट खराब असेल का? गाइड म्हणतात परत कर, पण परत करायचं म्हणजे परत जनावरं मारायची, जिवावर येतं हो.

उत्तर: ताई, किटला दोष देऊ नका, आकडे बरोबरच वाटतायत. माणसात याच्या जागी कॉर्टिसोल असतं, ते पहाटेपासून चढतं आणि उठायच्या सुमारास सगळ्यात वर असतं. रॅट निशाचर, त्याची उठायची वेळ म्हणजे तुमचा लाइट बंद व्हायची वेळ, त्यामुळे साडेसहाला तो शिखरावर आणि सकाळी ९ ला तळाशी. हे घड्याळ हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियसमध्ये असतं, १९७२ मध्ये मूर आणि आयक्लरनी रॅट्समध्ये तो भाग नष्ट केला तर ही लयच गेली.

उत्तर: वरच्यांशी सहमत. शिवाय खाणं कधी देता तेही बघा, फक्त दिवसा ठरावीक वेळीच दिलं तर जेवणाच्या आधीही पातळी चढते. त्यात हे हार्मोन साधारण तासातासाला झटक्याझटक्याने सुटतं, म्हणून एकाच वेळेच्या दोन रॅट्समध्येही फरक दिसतो. आणि पिंजऱ्याला हात लागल्यापासून तीन मिनिटांत ब्लड हातात पाहिजे, नाहीतर तुम्ही स्वतःच दिलेला स्ट्रेस मोजाल. रात्री अंधार नीट आहे ना तेही बघा, उजेडाने ही लय बिघडते; आमच्याकडे दाराच्या काचेतून कॉरिडॉरची ट्यूबलाइट रात्रभर आत यायची, कित्येक महिने कुणाच्या लक्षातच नाही, शेवटी काळा चार्ट पेपर चिकटवला.

उत्तर: ताई, एकच सांगा, स्ट्रेसवाले रॅट्स दोन्ही वेळांना होते का? असतील तर वेळ हा दुसरा फॅक्टर धरून टू-वे अनोव्हा (दोन फॅक्टरचा परिणाम एकत्र तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावा. स्ट्रेसवाले सगळे एकाच वेळचे असतील तर मात्र अवघड आहे.

मूळ प्रश्नकर्ती: आत्ताच वही काढून बघितली, सकाळी सहा कंट्रोल सहा स्ट्रेस, संध्याकाळीही तेवढेच, प्रत्येकापुढे मिनिटासकट वेळ लिहिलीये. उद्या सकाळीच गाइडना वही दाखवते.